गाणारा आणि ऐकणारी

आपल्या कवींनी कोकिळेवर जीव टाकला. पण चैत्रात आंब्यावरून ऐकू येणारी ती ‘कुहू’ची साद नराची असते. मादी नुसती ‘किक् किक्’ करते. कवींची ही चूक पक्षिशास्त्रज्ञ हसत हसत दाखवतात, आणि ते रास्तच आहे. परंतु त्यांनी स्वतः रचलेली कथाही एकदा कथा म्हणून तपासायला हवी. कादंबरी लिहिणाऱ्याला तेवढा अधिकार असावा!

कथेचे मूळ डार्विनच्या १८७१ सालच्या ग्रंथात आहे. नर गातो, मादी ऐकते आणि मनास येईल त्याला वरते. म्हणून पिढ्यान् पिढ्या गाणे फुलत जाते. थोडक्यात, स्वयंवरच. मग ज्या जातीत एकच नर दोन-तीन संसार थाटतो, तिथले गाणे सर्वांत रंगतदार असेल असे आपल्याला वाटणारच. युरोपात बोरूच्या बेटांत राहणाऱ्या वॉर्बलर पाखरांनी मात्र हा तर्क पार उलटा पाडला. क्लाइव्ह कॅचपोल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८० साली दाखवले की, त्यांच्यातल्या एकपत्नी जातींची गाणी लांब आणि गुंतागुंतीची, तर बहुपत्नी जातींची आखूड व साधी. त्याने दिलेले कारण मोठे संसारी आहे. पिलांना भरवायला जो हातभार लावणार, त्या नरालाच मादी गाण्यावरून पारखते. बहुपत्नी नराच्या बाबतीत ती बघते त्याची जागा: तिथे खाद्य मुबलक आहे ना? त्याचे गाणे बरेचसे इतर नरांना दटावण्यापुरते. सेज वॉर्बलरची तर मौज अशी की, जोडीदारीण मिळाली की स्वारी जवळजवळ गायचीच थांबते. (असे गवई माणसांतही पुष्कळ.)

कथा देखणी खरी. पण अमेरिकेतला मार्श रेन तिच्यात बसत नाही. तो बहुपत्नी, तरी पश्चिमेकडच्या नराजवळ १०० हून अधिक निरनिराळी गाणी असतात, आणि शेजाऱ्याने म्हटलेले गाणे लगेच त्याला ऐकवण्याची चुरस चालते. संसाराची रीत पाहून गाण्याचे भाकीत करता येईल, इतका हा मामला सरळ नाही.

माझा खरा आक्षेप मात्र निराळाच आहे. या कथेतली नायिका केवळ श्रोती का? जगभरच्या गाणाऱ्या पक्ष्यांविषयीची माहिती २०१४ साली एकत्र केली, तेव्हा तपासलेल्या जातींपैकी ७१ टक्के जातींत माद्याही गातात असे आढळले. त्या सर्वांच्या आदिपूर्वजांतही बहुधा दोघे गात असत. कथा लिहिणारे राहिले युरोप-अमेरिकेच्या थंड उत्तरेत, जिथे गाणाऱ्या माद्या कमी. तिथे जे कानी पडले तोच जगाचा नियम ठरला. अमेरिकेतल्या ब्लॅकबर्डच्या कुळात तर उष्ण प्रदेश सोडून समशीतोष्ण प्रदेशात वीण करू लागलेल्या शाखांतून माद्यांचे गाणे पुन्हा पुन्हा लोपले, असे २००९ साली दिसून आले. तेव्हा नर का गाऊ लागला, याहून मादी कुठे आणि कशाने गप्प झाली, हेच आता विचारायला हवे.