आधी ओळख, मग गुण

वनस्पतींवरील मराठी पुस्तकांविषयी लिहावयास बसलो आहे, तर आरंभीच सांगून टाकलेले बरे की, मी वनस्पतिशास्त्राचा जाणकार नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेले नाही. पोटासाठी शाळेत शिकवतो आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. कादंबरीत बांधावर एखादे झाड उभे करायचे तर त्याचे नाव ठाऊक असावे, एवढ्याच निमित्ताने मी ही पुस्तके जमवू लागलो. पुढे एका प्रसंगाने ती निराळ्या नजरेने वाचावी लागली.

आमच्या माळशिरस तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत मधल्या सुट्टीत पाचसहा मुलांनी कुंपणाच्या झाडाची फळे फोडून आतल्या बिया खाल्ल्या. गर गोडसर, शेंगदाण्यासारखा लागतो म्हणे. थोड्याच वेळात ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. मुले सुखरूप घरी आली, हे आधीच सांगतो. पण त्या दुपारी डॉक्टरांनी "बिया कसल्या?" म्हणून विचारले, तेव्हा मूठभर काळ्या बिया आणि एक फांदी पुढे करून मी नुसता उभा होतो. मुले म्हणत होती चंद्रज्योत, बरोबर आलेले एक आजोबा म्हणाले, "एरंडच की हो, मास्तर!" रात्री घरी येऊन कपाटातली पुस्तके काढली. तासभर पाने उलटल्यावर एका जुन्या पुस्तकात 'मोगली एरंड' सापडला. तेलाचा उपयोग, चिकाचा उपयोग, मात्रा, सारे होते. माझ्या हातातली फांदी त्याचीच, हे मात्र त्या वर्णनावरून मला शपथेवर सांगता आले नसते.

आपल्या वनस्पतिग्रंथांचे दुखणे नेमके येथे आहे. झाड कोणते हे विचारण्याआधीच ते कशाच्या कामाचे, हे सांगावयास ते बसतात. शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधिगुणादर्श' घ्या. नावातच गुण आहे. डॉ. वामन गणेश देसाई यांचा १९२७ चा 'औषधीसंग्रह' अधिक शिस्तीचा, आधुनिक वैद्यकाशी ताडून पाहणारा. त्याच्याविषयी मला आदर आहे. पण दोन्ही ग्रंथ वैद्यासाठी लिहिलेले आहेत. वैद्याला नाव ठाऊक असते, त्याला गुण हवे असतात. ज्याच्या हाती पान आहे आणि नाव नाही, त्याने या घरात शिरावे कोणत्या दाराने? शिवाय नाव तरी कुठे एकनिष्ठ असते? ब्राह्मी म्हणून कोणी ओल्या जागची बारीक मांसल पानांची वेल दाखवतो, कोणी गोल पानांची मंडूकपर्णी. शंखपुष्पी म्हणून तर तीन निरनिराळ्या वनस्पती पुढे येतात. अशा नावापुढे गुणांची यादी लिहिणे म्हणजे पत्ता न लिहिता मनिऑर्डर करण्यासारखे आहे.

या संदर्भात मला कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांची फार आठवण होते. लष्करी डॉक्टर, वनस्पतींचे गाढे अभ्यासक, आणि १९०९ साली बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष! मुंबई भागातल्या विषारी वनस्पतींवर त्यांनी लिहिले, ते इंग्रजीत. मेजर बामनदास बसू यांच्यासमवेत केलेला भारतीय औषधी वनस्पतींचा त्यांचा प्रचंड ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९१८ मध्ये प्रयागहून निघाला, तोही इंग्रजीत. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता, हे मी समजू शकतो; शास्त्राचा श्रोता तिकडे होता. तरीही साहित्य संमेलनाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने विषारी झाडांची एक शंभर पानी पोथी आपल्या भाषेत लिहिली असती, तर ती खेडोपाडी गेली असती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

उलट बाजूला थिओडोर कुक. हा मूळचा इंजिनिअर, पुण्याच्या आजच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पूर्वावताराचा प्राचार्य. त्याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि १९५८ मध्ये पुन्हा छापला गेला. एका पुस्तकप्रेमी मित्राकडून तो आणला आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. तीनचतुर्थांश कळला नाही. पण त्याची रीत कळली. पाने समोरासमोर की एकाआड एक? पाकळ्या सुट्या की जुळलेल्या? दर वळणावर दोन वाटा, आणि प्रत्येक वाटेशी एकच प्रश्न. त्याच्या उत्तरासाठी पोथीत नव्हे, झाडाकडे पाहावे लागते. माझ्या मते हीच खरी लोकशाही रीत. तिच्यात पंडिताला आणि गुराख्याला डोळे सारखेच लागतात. दुर्दैव एवढेच की, तिची भाषा गुराख्याची नाही.

मराठीत अलीकडे ललित अंगाने पुष्कळ चांगले लिहिले गेले. डॉ. शरदिनी डहाणूकरांचे 'वृक्षगान' किंवा 'फुलवा' वाचून ज्याने रस्त्यात मान वर करून झाडाकडे पाहिले नाही, असा वाचक विरळा. मीही त्यांचा ऋणी आहे. परंतु ही पुस्तके फुलांच्या बाजूची. आमच्याकडे हिवर, तरवड, वेडी बाभूळ आणि गाजरगवत. हे गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आले आणि आज आमच्या प्रत्येक बांधावर आहे. खाज मात्र देते, सुगंध देत नाही. त्याच्यावर गान कोण लिहिणार? जे ना उपयोगाचे ना सौंदर्याचे, ते आमच्या ग्रंथांत जन्मालाच येत नाही. विषाची गोष्टही तीच.

आमच्या जिल्ह्याच्या वनस्पतींचा एक शास्त्रीय आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्याआधी वर्षभर, २०१४ साली, कंदातून उगवणाऱ्या एका नव्या जातीला अभ्यासकांनी सोलापूरचेच नाव दिले. अभिमानाची गोष्ट आहे. पण सोलापूर लॅटिनमध्ये गेले आणि सोलापूरकराच्या हाती मराठीतले पान आले नाही. सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी रानातल्या माणसांच्या तोंडची नावे वेचून 'पक्षिकोश' केला. तालुक्यापुरता तसा वनस्पतिकोश, कुकच्या रीतीने आणि बांधावरच्या बोलीत, करणे अशक्य का असावे?

हे मी मुलांकडूनच शिकलो. त्या प्रसंगानंतर वर्गात विचारले, "चंद्रज्योत आणि एरंड यांत फरक काय?" एक मुलगी उठून म्हणाली, "गुरुजी, एरंडाचं पान पंजावानी फाटलेलं असतंय. चंद्रज्योतीचं भोपळ्याच्या पानावानी, जरा जरा खाचा. आणि तिच्या चिकाचे फुगे उडतात, एरंडाचे न्हाईत." गवताच्या काडीची गाठ करून ती चिकात बुडवायची आणि फुंकायची. कपाटातल्या पुस्तकाला जे साधले नव्हते, ते तिने तीन वाक्यांत केले होते.

वर्गात आता एक जाड वही ठेवली आहे. पहिल्या पानावर फांदीचे चित्र आहे, खाली पानाची, चिकाची, फळाची ओळख. 'बी खाऊ नये' हे लाल शाईत. नाव कोणते लिहावे यावर वाद झाला. 'चंद्रज्योत' आणि 'मोगली एरंड' ही दोन्ही लिहिली. कंसात मुलांनी आपले तिसरे घातले : बुडबुड्याचे झाड.