डीएनए-प्रवर्धनातील नकलेच्या चुका : ‘हुबेहूब प्रत’ या कल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना

२०२० साली कोविडच्या साथीत ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला. त्यातील पीसीआर या क्रियेची ओळख करून देताना लोकविज्ञानपर लेखनात एका आशयाचे वाक्य हमखास भेटते : डीएनएच्या एका तुकड्यापासून दोन-तीन तासांत कोट्यवधी हुबेहूब प्रती तयार होतात. वाक्य सोपे आहे, लक्षात राहणारे आहे. परंतु त्यातील ‘हुबेहूब’ हा शब्द खरा नाही. त्या कोट्यवधी प्रतींपैकी काहींमध्ये चुका असतातच.

रेणूजीवशास्त्राने आपली बरीचशी परिभाषा लेखनव्यवहारातून उचलली आहे. प्रत, अक्षर, ग्रंथालय, प्रतिलेखन, प्रूफरीडिंग हे शब्द मुळात लेखनिकांचे, छापखान्यांचे आणि ग्रंथपालांचे आहेत. रूपक उसने घेतले की त्याच्याबरोबर त्याचा अर्थभारही येतो. म्हणून हे रूपक कोठे उपयोगी पडते आणि कोठे दिशाभूल करते, याची तपासणी भाषेच्या अभ्यासकांनीही करायला हवी. प्रस्तुत लेखात डीएनए-प्रवर्धनातील चुकांची कारणे व त्यावरील उपाय पाठचिकित्सेच्या शेजारी ठेवून पाहिले आहेत.

क्रियेचे स्वरूप

पीसीआरची कल्पना कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सुचली. त्या वेळी ते अमेरिकेतील सीटस या कंपनीत काम करीत होते. या कार्यासाठी त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायकेल स्मिथ यांच्याबरोबर विभागून मिळाले. क्रिया तीन पायऱ्यांची आहे. सुमारे ९५ अंश सेल्सिअस तापमानाला डीएनएचे दोन धागे सुटे होतात. तापमान उतरल्यावर प्रायमर नावाचे छोटे तुकडे ठरावीक जागी चिकटतात. मग पॉलिमरेज हे विकर तेथून पुढे नवा धागा लिहीत जाते. दर फेरीला संख्या दुप्पट होते. पूर्ण ३० दुपटी झाल्या तर एका रेणूचे १०७ कोटींहून अधिक रेणू होतात.

आरंभी वापरलेले विकर उष्णतेने निकामी होई, त्यामुळे ते प्रत्येक फेरीत नव्याने घालावे लागे. १९८८ पासून टॅक पॉलिमरेज वापरात आले आणि ही अडचण दूर झाली. हे विकर अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानातील उष्ण झऱ्यांत सापडलेल्या थर्मस अॅक्वाटिकस या जिवाणूचे. ते उष्णता सोसते, वेगाने लिहिते. पण लिहिलेले मागे वळून तपासण्याची सोय त्याच्याजवळ नाही.

येथेच ‘प्रत’ या शब्दाची पहिली मर्यादा दिसते. विकर समोरच्या धाग्याची नक्कल करीत नाही, त्याचा पूरक धागा घडवते : ए समोर टी, जी समोर सी. हे काम लेखनिकापेक्षा मोहोर उठवणाऱ्याच्या कामाशी अधिक जुळते. ठशाचा पुन्हा ठसा घेतला की मूळ आकार परत येतो. चूक यांपैकी कोणत्याही ठशात शिरू शकते.

चुकांची कारणे

पहिली चूक एका अक्षराच्या जागी दुसरे येण्याची. उर्दू पाठचिकित्सेत नुक्त्यांच्या गफलतीतून होणाऱ्या चुकीला ‘तसहीफ’ म्हणतात. उर्दू लिपीत ‘दुआ’ आणि ‘दगा’ यांत एका नुक्त्याचेच अंतर आहे. देवनागरीत ‘ख’ आणि ‘रव’ यांच्या सारखेपणामुळे ‘रवाना’चे ‘खाना’ होते. विकराच्या हातूनही असाच चुकीचा घटक बसतो. एका नावाजलेल्या मापनानुसार टॅककडून एका दुपटीत दहा लाख अक्षरांमागे सुमारे ८ चुका होतात. प्रयोगाच्या स्थितीनुसार हा आकडा बराच कमीजास्त होतो. मॅग्नेशियमचे प्रमाण जास्त असणे, मँगनीजची उपस्थिती आणि चार घटकांचे प्रमाण असमान असणे ही चुका वाढवणारी प्रमुख कारणे आहेत.

दुसरी चूक मोजणी चुकण्याची. एकच शब्द ओळीने बारा वेळा उतरवायचा असेल तर लेखनिक अकरावर थांबतो किंवा तेरावर जातो. डीएनएमध्ये जेथे लहान तुकडा पुन:पुन्हा येतो तेथे धागा घसरतो. बहुधा एक आवर्तन गळते. न्यायवैद्यक तपासणीत अशाच आवर्तनांची संख्या मोजून व्यक्तीची ओळख पटवली जाते. त्यामुळे घसरणीतून उमटलेली दुय्यम खूण ही नकलेची चूक आहे की नमुन्यात दुसऱ्या व्यक्तीचा डीएनए आहे, हे विश्लेषकाला ठरवावे लागते. एखाद्याचे निर्दोषत्व या निर्णयावर अवलंबून असू शकते.

तिसरी चूक दोन मजकुरांच्या सरमिसळीची. पानावर सारख्या शब्दांनी संपणाऱ्या दोन ओळी असल्या की लेखनिकाची नजर एकीवरून दुसरीवर उडी मारते. पीसीआरमध्ये एका फेरीत अर्धवट राहिलेला धागा पुढच्या फेरीत त्याच्याशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि तेथून पुढे लिहिला जातो. परिणामी जो निसर्गात कोठेच नव्हता असा जोडरेणू जन्माला येतो.

चौथ्या कारणात लेखनिकाचा काहीच दोष नसतो. पोथीलाच कसर लागलेली असते. उष्णतेने किंवा काळाच्या ओघात सायटोसिनचे युरॅसिल होते आणि विकर ते टी समजून वाचते. मूळ ‘सी’ प्रतींमध्ये ‘टी’ बनून अवतरतो.

‘प्रूफरीडिंग’ या शब्दाविषयी

यावर उपाय म्हणून ‘प्रूफरीडिंग’ करणारी विकरे सुचवली जातात. पायरोकॉकस फ्युरिओसस या सूक्ष्मजीवापासून मिळालेले पीएफयू पॉलिमरेज हे त्यांतील प्रसिद्ध नाव. वर दिलेल्या मापनातच त्याच्या चुका दहा लाखांमागे सुमारे १.३ आढळल्या. एक हजार अक्षरांचा तुकडा आणि ३० दुपटी धरून हिशेब केला, तर टॅकच्या दर शंभर प्रतींपैकी सुमारे २१ प्रतींत किमान एक चूक राहील. पीएफयूच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ४ वर येते. सुधारणा मोठी आहे. तरीही ४ म्हणजे शून्य नव्हे.

शिवाय ‘प्रूफरीडिंग’ हा शब्द काटेकोर नाही. छापखान्यातील मुद्रितशोधक पूर्ण झालेला मजकूर मूळ प्रतीशी ताडून पाहतो. विकर तसे करीत नाही. नुकताच बसवलेला घटक नीट जुळला नाही तर ते एक पाऊल मागे येऊन तो काढून टाकते. शाई ओली असतानाच बोटाने अक्षर पुसण्यासारखा हा प्रकार आहे. चुकीचे अक्षर एकदा मागे पडले की ते कायमचे राहते.

सजीव पेशीत खरी मुद्रितशोधनासारखी आणखी एक यंत्रणा असते. विकराची निवड, लगेचची दुरुस्ती आणि नंतरची विजोड-दुरुस्ती अशा तीन चाळण्यांतून गेल्यावर पेशीतील चुकांचे प्रमाण साधारण शंभर कोटी अक्षरांमागे एक किंवा त्याहूनही कमी राहते. परीक्षानळीत तिसरी चाळणी नसते. ‘प्रूफरीडिंग’ हा शब्द ऐकून वाचकाच्या मनात तीच तिसरी चाळणी उभी राहते, ही या शब्दाची खरी अडचण आहे.

प्रती मोजाव्यात की तोलाव्यात?

पाठचिकित्सेचे एक मूलभूत सूत्र आहे : हस्तलिखिते मोजू नयेत, तोलावीत. एकाच सदोष प्रतीवरून उतरवलेल्या पन्नास प्रती या पन्नास साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष पन्नास वेळा उच्चारलेली असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. वि. स. सुखटणकर यांनी त्या कामाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात प्रतींची नुसती बेरीज नव्हती. प्रतींची कुळे ठरवणे आणि एकमेकांपासून स्वतंत्र असलेल्या परंपरा कोठे एकमत होतात हे पाहणे, यावर भर होता.

पीसीआरला हे सूत्र तंतोतंत लागू पडते. आरंभी एकच दुपदरी रेणू असेल आणि पहिल्याच फेरीत एका नव्या धाग्यात चूक झाली, तर चार धाग्यांपैकी एक सदोष होतो. अखेरच्या कोट्यवधी धाग्यांतही जवळपास पाव हिस्सा तीच चूक वाहून नेतो. आरंभी असे एक हजार रेणू असते, तर त्याच चुकीचा वाटा चार हजारांत एक एवढाच राहिला असता. चूक तीच, विकर तेच. फरक पडतो तो मूळ प्रतींच्या संख्येमुळे. आणि जर एकमेव मूळ रेणूच बिघडलेला असेल, तर सगळ्या प्रती एकमताने खोटे बोलतात.

प्राचीन डीएनएच्या अभ्यासकांना ही गोष्ट लवकर उमगली. १८५६ मध्ये जर्मनीतील निअँडर खोऱ्यात सापडलेल्या हाडांतून निअँडरथल मानवाच्या मायटोकाँड्रियल डीएनएचा ३७९ अक्षरांचा पाठ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वांते पेबो यांच्या गटाने केवळ एका प्रवर्धनावर विश्वास ठेवला नाही. एकमेकांवर येणारे छोटे तुकडे वेगवेगळ्या वेळी प्रवर्धित केले, प्रत्येकाच्या अनेक प्रती वाचल्या आणि अमेरिकेतील दुसऱ्या प्रयोगशाळेकडून स्वतंत्र पडताळणी करून घेतली. जे अक्षर एका प्रवर्धनातील सर्व प्रतींत दिसे पण दुसऱ्यात दिसत नसे, ते संशयास्पद ठरे. पेबो यांना २०२२ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या या कामाची पद्धत महाभारताच्या संपादकांना अपरिचित वाटली नसती.

प्रतिबंधाचे उपाय

उपायांची विभागणी तीन गटांत करता येते. पहिला गट लेखनिकाविषयीचा : अचूक विकर वापरणे, मॅग्नेशियम आवश्यक तेवढेच ठेवणे, चारही घटक समप्रमाणात देणे. दुसरा गट परंपरेची साखळी आखूड ठेवण्याचा : आरंभी पुरेसा डीएनए घेणे, फेऱ्या कमीत कमी करणे, जास्त तापमानाचा काळ मर्यादित ठेवणे आणि धागा पूर्ण होण्यास पुरेसा वेळ देणे, म्हणजे अर्धवट धागे राहत नाहीत. तिसरा गट पडताळणीचा : स्वतंत्र प्रवर्धने करून पाठ ताडून पाहणे.

तिसऱ्या गटात अलीकडे एका नामी युक्तीची भर पडली आहे. प्रवर्धनापूर्वीच प्रत्येक मूळ रेणूला वेगळी खूणचिठ्ठी जोडली जाते. त्यामुळे कोणती प्रत कोणत्या कुळातली हे नंतर कळते. कुळातील सर्व प्रतींत असलेला बदल मूळ रेणूत असण्याची शक्यता मोठी. काहींतच असलेला बदल नकलेचा. २०१२ मध्ये पुढे आलेल्या एका पद्धतीत तर मूळ रेणूच्या दोन्ही धाग्यांची साक्ष जुळावी लागते. रक्तात तुरळक आढळणारे कर्करोगाचे बदल शोधताना हा भेद निर्णायक ठरतो. विकराची चूक रोग्याच्या माथी मारली गेली, तर तिची किंमत त्या माणसाला मोजावी लागेल.

अर्थात, प्रत्येक कामाला इतकी कडक दक्षता लागत नाही. विषाणू आहे की नाही एवढेच पाहायचे असेल, तर काही प्रतींतील एखाद्या अक्षराच्या चुकीने सहसा निकाल बदलत नाही. पोथी घरात आहे की नाही हे पाहणे वेगळे आणि तिचा शुद्ध पाठ ठरवणे वेगळे.

रूपकाची मर्यादा

एका ठिकाणी मात्र हे रूपक पूर्णपणे संपते. लेखनिक अर्थ समजून लिहितो. म्हणूनच तो अवघड शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द नकळत घालतो. आणि म्हणूनच संपादकही अर्थाच्या आधारे चूक पकडू शकतो. विकराला अर्थ नसतो. ते आळशी नसते, उतावळेही नसते. त्याच्या चुकीत हेतू शोधता येत नाही आणि केवळ वाचून ती ओळखताही येत नाही. ती फक्त मुकाबल्याने, म्हणजे पाठ पाठाशी ताडूनच सापडते. विशेष म्हणजे पीएफयूसारखे विकर युरॅसिल समोर आले की थबकते, पुढे लिहीत नाही. पण ही सावधगिरीही रासायनिक आहे, समजुतीची नाही.

निष्कर्ष

१. पीसीआरमधून ‘हुबेहूब’ प्रती मिळतात असे म्हणण्याऐवजी ‘बहुतांशी अचूक’ प्रती मिळतात असे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. पाठ्यपुस्तकांत आणि लोकविज्ञानपर लेखनात हा बदल व्हावा.

२. ‘प्रूफरीडिंग’साठी ‘तत्काळ दुरुस्ती’ असा शब्दप्रयोग केल्यास विकराचे काम योग्य रीतीने समजते.

३. अचूक विकर हा आवश्यक उपाय आहे, पुरेसा नाही. मूळ रेणू पुरेसे असणे, फेऱ्या मोजक्या असणे आणि पडताळणी स्वतंत्र असणे यांचे महत्त्व त्याइतकेच आहे.

४. प्रतींची संख्या हा सत्याचा पुरावा नव्हे. हे तत्त्व पोथीला लागू आहे तसेच परीक्षानळीलाही. विज्ञानाच्या आणि भाषेच्या विद्यार्थ्यांना ते एकत्र शिकवता आले, तर दोन्ही विषयांचे आकलन वाढेल.