नक्कल कशाची : उत्तराची की प्रश्नाची?

आत येताना एकानं मला दारातच गाठलं. म्हणाला, “सर, सोनीनं निन्टेंडोची नक्कल केली की नाही, एवढं एका वाक्यात सांगा.” सांगतो. केली. पण म्हणून व्याख्यान इथंच संपत नाही. उलट खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. नक्कल केली, ती कशाची?

थोडं मागे जाऊ. तुमच्यापैकी काहींनी नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा, कॅसेट घालायचा व्हिडिओ गेम खेळलेला असेल. आपल्याकडे मिळणारी त्यातली बरीच यंत्रं निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकलाच होत्या. डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या चिन्हासारखं बटण असायचं, आठवतंय? ते गुनपेई योकोई यांचं. १९८२ साली घडी घालून मिटता येणाऱ्या छोट्या ‘डाँकी काँग’ यंत्रावर उभी दांडी बसवणं सोयीचं नव्हतं. म्हणून हे चपटं बटण आलं. म्हणजे रचना जन्मते ती अडचणीतून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता भांडणाकडे येऊ. १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात सोनीनं निन्टेंडोच्या साथीनं सीडीवर चालणारं यंत्र आणतोय असं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोनं फिलिप्सशी सोयरीक जाहीर केली! सोनी एकटी पुढे गेली आणि डिसेंबर १९९४ मध्ये जपानात प्लेस्टेशन आलं. त्याचा कंट्रोलर बघा. उजवीकडे चौकटच्या आकारात मांडलेली चार बटणं, वर तर्जनीसाठी बटणं. ही मांडणी १९९० च्या सुपर फॅमिकॉमची. सोनीनं त्याला धरायला दोन मुठी दिल्या, वरची बटणं दोनाची चार केली. इथवर ‘नक्कल, थोड्या सुधारणेसह’ असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो.

पण पुढची गोष्ट इतकी सरळ नाही. १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ आलं. खेळ त्रिमितीत गेले होते, म्हणून अंगठ्यानं हळू-जोरात ढकलता येईल अशी दांडी दिली. तशी दांडी अटारी ५२०० वर १९८२ सालीच होती, पण सोडली की ती आपोआप मध्यावर येत नसे. म्हणजे ‘मूळ’सुद्धा मूळ नव्हतं बरं का! आता त्रिमितीत नवी अडचण आली : पात्र मी चालवतो, पण कॅमेरा कोण फिरवणार? निन्टेंडोचं उत्तर होतं चार छोटी पिवळी बटणं.

१९९७ च्या अखेरीस सोनीचा ड्युअलशॉक आला. दांडी घेतली, पण एकाच्या दोन केल्या. निन्टेंडोनं त्याच वर्षी वेगळा जोडायला दिलेला थरथराट कंट्रोलरच्या पोटातच बसवला. सोनीला दुसऱ्या दांडीचं सगळं भविष्य दिसत होतं असं मी म्हणणार नाही. १९९९ च्या ‘एप एस्केप’मध्ये तर ती माकडं पकडायचं जाळं फिरवायला होती. पण जागा मोकळी ठेवली होती, आणि हळूहळू कॅमेरा तिथं जाऊन बसला. आणि २००१ च्या गेमक्यूबवर निन्टेंडोनं काय केलं? पिवळी बटणं काढली आणि तिथं पिवळी दांडी लावली. आता सांगा, कोण कोणाची नक्कल करतंय?

याच्या उलट उदाहरण घ्या. २००६ मध्ये वी आलं. त्यामागचा प्रश्न होता, घरात जो कधीच गेम खेळत नाही त्याच्या हातात काय द्यायचं? उत्तर : टीव्हीच्या रिमोटसारखी वस्तू, प्रत्येक खोक्यात, स्वस्त यंत्राबरोबर. दहा कोटींहून जास्त यंत्रं खपली. २०१० मध्ये सोनीनं मूव्ह आणलं. एका हातात चमकता गोळा असलेली कांडी, दुसऱ्या हातासाठी छोटा कंट्रोलर. हालचाल टिपण्यात ते उत्तम होतं. पण मुळात ते वेगळं विकत घ्यायचं होतं. सगळ्यांकडे नसलेल्या वस्तूसाठी खेळ कोण रचणार? आणि न खेळणारी आजी ते वेगळं विकत आणायला कशाला जाईल? इथं उत्तर उचललं, प्रश्न मागेच राहिला.

म्हणून माझी तक्रार आपल्या समीक्षेबद्दल आहे. नवं यंत्र आलं की आपण दोन फोटो शेजारी ठेवतो, ‘चोरलं’ म्हणतो आणि थांबतो. त्यानं कंपन्यांचे भक्त खूश होतात, पण खेळणाऱ्याला काहीच कळत नाही. आज कुठल्याही कंपनीचा कंट्रोलर हातात घ्या, अंगठे आपसूक जागेवर जातात. ही समान भाषा एकमेकांचं घेऊनच तयार झाली आहे. तेव्हा पुढच्या वेळी ‘कोणाचं घेतलं’ हे जरूर विचारा. पण त्याला जोडून हेही विचारा, की कोणती अडचण सोडवायला घेतलं, आणि ती सुटली का?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.