परीकथेतलं घर कशाचं असतं?

माझी भाची इंग्लंडमध्ये चौथीत शिकते. मध्यंतरी तिला गृहपाठ होता: परीकथेतल्या एका जागेचं वर्णन लिहा. सोबत अटींची यादी. नामांना विशेषणं हवीत, पाचही ज्ञानेंद्रियांचा वापर हवा, एखादी उपमा हवी. ताई कामात होती, म्हणून व्हिडिओ कॉलवर मी बसलो. मी सॉफ्टवेअर लिहितो. यादी दिसली की एकेका ओळीवर बरोबरची खूण करत सुटायची मला सवय आहे. तासाभरात आमचा राजवाडा उभा राहिला: भव्य, चमचमता, गुलाबांच्या मंद सुवासाने भरलेला. सगळ्या अटी पूर्ण झाल्या. फक्त त्या राजवाड्यात काही घडेल असं वाटेना.

दोष एकट्या शाळेचा नाही. २०१४पासून लागू झालेल्या इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात विशेषणं जोडून नाम फुलवणं दुसरीपासून शिकवतात. आपणही निबंधात 'घनदाट जंगल' आणि 'निसर्गरम्य परिसर' लिहूनच मोठे झालो. याने मुलांचा शब्दसाठा वाढतो, हे मला मान्य आहे. पण परीकथा अशा लिहिलेल्या नसतात.

ग्रिम बंधूंची हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट घ्या. १८१२च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यातलं घर पावाचं आहे, छप्पर केकचं, खिडक्या साखरेच्या. घर सुंदर होतं की जुनं, आसपास कसला वास होता, याची गोष्टीला फिकीर नाही. घर कशाचं आहे तेवढं ती सांगते, कारण घरात पाव नाही म्हणूनच या मुलांना जंगलात सोडलेलं आहे. भुकेल्या मुलांसाठी पावाचं घर म्हणजे सापळा. इथे वर्णन हेच कथानक आहे.

आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीतही तेच. एक घर मेणाचं, एक शेणाचं. पाऊस आला की पुढचं सगळं या दोन शब्दांतून आपोआप घडतं. ही माहिती काढून टाकली तर गोष्ट उरतच नाही. आमच्या राजवाड्यातून गुलाब काढले असते, तर कुणाला पत्ताही लागला नसता.

परीकथेला लांब वर्णनाचं वावडं आहे, असंही नाही. ग्रिमांच्याच संग्रहात 'ज्युनिपरचं झाड' ही कथा आहे. तिच्या सुरुवातीला महिन्यामागून महिना झाडं-झुडपं कशी बदलत जातात, ते सावकाश सांगितलं आहे. पण त्याच महिन्यांत एका बाईच्या पोटात मूल वाढतंय. झाडाला फळं धरतात, ती ती अधाशासारखी खाते आणि आजारी पडते. तिथलं एकही पान शोभेचं नाही.

म्हणून मुलांना 'जागा कशी दिसते' याआधी वेगळे प्रश्न विचारायला हवेत, असं मला वाटतं. हे घर कशाचं आहे? इथे आत कसं जायचं, बाहेर कसं पडायचं? इथे काय करायला मनाई आहे? उत्तरं मिळाली की विशेषणं लागतील तेवढीच येतील.

हे सगळं मला उशिरा सुचलं. भाचीच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यात एक वाक्य होतं: राजवाड्याच्या दाराला कडी फक्त बाहेरून होती. त्यात विशेषण नव्हतं, उपमा नव्हती, वास नव्हता. कुठल्याच अटीत बसत नाही म्हणून मी ते काढायला लावलं आणि तिथे गुलाब लावले.

गेल्या रविवारी मी तिला विचारलं, ती कडी कोणी लावली होती गं?

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण मामा, तूच म्हणालास ना, ते नको म्हणून?"

गृहपाठाला शाबासकी मिळाली होती. कडीची गोष्ट मात्र तिला आता आठवत नव्हती.