खिशातील वही आणि सुगरणीचा खोपा

आपल्या ललित वाङ्मयात निसर्गवर्णनांचा तोटा नाही. तोटा आहे तो निसर्गाच्या नोंदींचा. वर्णन घरी बैठकीवर बसून लिहिता येते. नोंद मात्र झाडाखाली उभे राहून, खिशातील वहीत, त्याच क्षणी करावी लागते.

सुगरण पक्ष्याचेच उदाहरण घ्यावे. हे नाव देताना आपल्या भाषेने विणकामाचे सारे श्रेय मादीस देऊन टाकले, आणि बहिणाबाई चौधरींच्या खोप्यावरील कवितेने तीच समजूत घरोघरी रुजविली. वस्तुतः खोपा विणतो तो नर. १९३० साली सालिम अली यांनी अलिबागनजीक किहीम येथे या पक्ष्यांच्या वसाहतीजवळ बसून दिवसेंदिवस टिपणे केली, तेव्हा याहूनही विलक्षण प्रकार उघडकीस आला. नर खोपा अर्धवट विणतो. मादी येऊन तो पारखते व पसंत पडल्यास तेथे बिऱ्हाड करते. मग तो खोपा पुरा करून नर दुसरा विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीस बोलावू लागतो. एका दिवसाच्या दर्शनाने हे कळणारे नव्हते. कालच्या पानाशेजारी आजचे पान ठेविल्यानेच ते कळले.

सालिम अलींच्या १९८५ सालच्या आत्मचरित्रात त्यांची १९०६-०७ च्या सुमाराची, म्हणजे बालपणीची, एक नोंद दिलेली आहे. चिमणीच्या घरट्याबाहेर राखण करणारा नर त्यांनी बंदुकीने टिपला; थोड्याच वेळात त्याच्या जागी दुसरा आला. सात दिवसांत असे ८ नर मारले गेले. वाचताना मन विषण्ण होते. परंतु मागाहून त्या नोंदीस पश्चात्तापाचा मुलामा दिला असता, तर एक नर जाताच दुसरा हजर होतो ही मोलाची वस्तुस्थिती झाकोळली असती. लिहिणाऱ्यास न शोभणारी गोष्टही वही जशीच्या तशी जपून ठेवते, हा तिचा मोठा गुण होय.

अशा नोंदी रुक्ष असतात, त्यांत वाङ्मय कोठले, असा आक्षेप येईल. बहिणाबाईंची कविता आम्हांसही प्रिय आहे, आणि तिच्यातील आईची माया खोटी ठरत नाही. परंतु ती माया माणसाची आहे. पाखराचा संसार निराळा आहे. तो जाणून घेण्यापूर्वीच त्यावर आपल्या भावना लादणारे गद्य आम्हांस आळशी वाटते. आमच्या तरुण लेखकांनी निसर्गावर लेख लिहावयास बसण्यापूर्वी एक पावसाळाभर तरी वही खिशात बाळगावी, तारीख घालून जे दिसेल तेवढेच लिहावे, आणि अलंकारांचा विचार त्यानंतर करावा.