डोंगराला फक्त पायच असतो का?

भाषेवर पीएचडी करायचं ठरवलं की लेकॉफ आणि जॉन्सन यांचं 1980 सालचं 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' हातात येतंच. रूपक हा फक्त कवितेचा अलंकार नसतो, रोजचा विचारही आपण रूपकांतून करतो, हे या पुस्तकाने पटवून दिलं. जरूर वाचा. पण एका ठिकाणी थांबा.

'डोंगराचा पाय' या इंग्रजी प्रयोगाला लेखक सुटं, एकाकी रूपक म्हणतात. डोंगराला पाय आहे, पण बाकीचं शरीर भाषेत वापरात नाही. गिर्यारोहक 'खांदा' म्हणतात, हे ते मान्य करतात. तरीही अशा शब्दांना विचारांच्या व्यवस्थेत फारसं स्थान नाही, असा त्यांचा निकाल आहे.

आता मराठी बघा. डोंगराला पायथा आहे, माथा आहे, कूस आहे. वर सोंडही आहे, म्हणजे हा नुसता माणूससुद्धा नाही! इंग्रजीतला एकाकी शब्द मराठीत चांगला कुटुंबवत्सल निघतो. निकाल इंग्रजीपुरता होता, आपण तो सगळ्या भाषांना लावतो. माझ्या पहिल्या आराखड्यात मीही अवयवांचे असे शब्द 'मृत रूपकं' म्हणून बाजूला टाकले होते.

त्यातलाच एक शब्द 'पोटरी'. सिंदेवाहीकडे, धानाच्या या पट्ट्यात, लोंबी पानाच्या आवरणात असते आणि ताट फुगतं तेव्हा धान पोटरीवर आलं म्हणतात. पायाच्या पोटरीतही 'पोट' उघड दिसतं. त्याच स्नायूचं ग्रीक नाव गॅस्ट्रॉक्नेमियस, म्हणजे 'नडगीचं पोट'. पण धानात गोष्ट पुढे जाते: याच अवस्थेला 'गर्भावस्था' म्हणतात, मग धान निसवतं. पोट, गर्भ, बाहेर येणं, अशी साखळी तयार होते. हिला मृत कसं म्हणणार?

दुसरी अडचण दिशेची. शरीर आधी, त्यावरून बाहेरच्या वस्तूंची नावं, असं आपण गृहीत धरतो. आपल्याकडच्या मामा तलावांना 'पाळ' असते आणि कानाला 'पाळी'. कानावरून तलावाला नाव मिळालं का? संस्कृत 'पालि'मध्ये कानाची पाळी, कड आणि बांध असे तिन्ही अर्थ आहेत. दोन्हींना जोडणारा धागा 'कड' हा दिसतो. कान आधी असं म्हणायला आधार नाही. स्पॅनिशमध्ये 'मुन्येका' म्हणजे मनगट आणि बाहुलीही. त्या शब्दाचा जुना अर्थ मात्र सीमेचा दगड. म्हणजे इथे नाव बाहेरून शरीरावर आलं.

म्हणून कोशातून अवयवांचे वाक्प्रचार उतरवून त्यांना तयार खाने पाडणं म्हणजे संशोधन नव्हे. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न विचारा. याच्या सोबतीला आणखी कोणते शब्द आहेत? कोणता अर्थ आधीचा, आणि त्याला पुरावा काय? बोलणारा माणूस हे रूपक पुढे वाढवतो का? तिसऱ्याचं उत्तर कोशात मिळणार नाही, त्यासाठी बांधावर जावं लागेल.

पुस्तक मोठं आहेच. पण ते आपल्याला प्रश्न देतं. मराठीची उत्तरं त्यात आधीच लिहिलेली आहेत असं समजून बसलात, तर तुमचा प्रबंध इंग्रजीबद्दलच होईल, उदाहरणं तेवढी मराठी असतील.