नक्षी आणि नकाशा : बिदर-कलबुर्गी परिसरातील वस्तू, वस्त्र व वास्तू यांमागील रचनाविचार

मराठीतील ‘नक्षी’ आणि ‘नकाशा’ हे दोन्ही शब्द अरबी ‘नक्श’पासून फारसीमार्गे आपल्याकडे आले. उर्दूत ‘नक्श’ आणि ‘नक्शा’ आजही शेजारी-शेजारी नांदतात. मराठीत मात्र त्यांची वाटणी झाली. नक्षी म्हणजे वरची शोभा आणि नकाशा म्हणजे आधी ठरविलेला बेत. दोन्ही भाषा शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकाला असे जाणवत आले आहे की, आपल्या सीमाभागातील कलावस्तूंवर जे लिहिले जाते ते बहुतांशी नक्षीविषयीचे असते. बिदरी कामावरील एखादा परिचयपर लेख काढून पाहावा. ‘अप्रतिम’, ‘नाजूक’, ‘डोळ्यांचे पारणे फेडणारे’ ही विशेषणे ओळीने भेटतात. ती वस्तू कोणत्या गरजेतून घडली, तिचा आकार असाच का, हे सांगणारी ओळ शोधावी लागते. परिणामी, ज्या विद्यार्थ्याचे वडील बिदरी काम करतात तो विद्यार्थीसुद्धा ‘डिझाइन’ ही मुंबई-बंगळूरला जाऊन शिकण्याची विद्या समजतो आणि घरी चालते ते नुसते हातकाम मानतो. या समजुतीला आपण अध्यापक मंडळी कितपत जबाबदार आहोत, हा या लेखाचा खरा विषय आहे.

प्रारंभ एका लहानशा वस्तूपासून करू. बिदरी वस्तूंत ‘मीर-ए-फर्श’ नावाचा एक प्रकार आहे. बैठकीवर चांदणी किंवा सतरंजी अंथरली की वाऱ्याने, पायाने तिचे कोपरे उलटतात. ते दाबून ठेवण्यासाठी चार कोपऱ्यांवर ठेवायची ही चार वजने. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयासारख्या ठिकाणी बिदरी वस्तू काचेआड असतात आणि पाहणाऱ्याची नजर चांदीच्या वेलबुट्टीवर खिळते. परंतु मीर-ए-फर्शकडे वजन म्हणून पाहिले, तर तिची बुद्धी दिसू लागते. तळ रुंद, भार खाली, माथा निमुळता. हाताने उचलावयास सोपी, पायाच्या धक्क्याने सहसा न कलंडणारी. बिदरीचा मुख्य धातू जस्त. तो वजनदार आहे, म्हणून या कामाला योग्यही आहे. वेलबुट्टी काढून टाकली तरी मीर-ए-फर्श आपले काम करील. आकार बिघडवला तर कितीही चांदी भरा, चादरीचा कोपरा उलटणारच.

हुक्क्याच्या तळभांड्याची गोष्ट याहून बोधप्रद आहे. जुनी तळभांडी गोल, घागरीसारखी असत. ती आपापली उभी राहात नसत, म्हणून त्यांच्याखाली कडे ठेवावे लागे. अठराव्या शतकात घंटेच्या आकाराचे, सपाट व रुंद तळाचे भांडे रूढ झाले आणि कड्याची गरज संपली. दोन वस्तूंचे काम एकीत सामावले गेले. कलेच्या इतिहासात हा ‘शैलीतील बदल’ म्हणून नोंदविला जातो. ही नोंद चुकीची नाही, पण ती अपुरी आहे. कोणा अनाम कारागिराने एक अडचण ओळखून ती कायमची मिटविली, हे त्या नोंदीत येत नाही.

आता प्रत्यक्ष बिदरीची घडण पाहू. जस्त व तांबे यांचे प्रमाण सामान्यतः सोळास एक असे सांगितले जाते. जस्त सुमारे ४१९ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांब्याला १०८० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे मोठी भट्टी नसलेल्या गल्लीतल्या कारखान्यातही हे ओतकाम करता येते. ओतलेली वस्तू करड्या रंगाची असते. त्यावर रेघ उठून दिसत नाही, म्हणून मोरचुदाचे पाणी लावून ती तात्पुरती काळी करतात आणि टोकदार कलमाने हाताने चित्र काढतात. मग खोदकाम, खाचेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकणे, घासणे. येथे एक विलक्षण टप्पा येतो. घासल्यावर तो काळेपणा निघून जातो. करड्या धातूत पांढरी चांदी जवळजवळ हरवते. कित्येक दिवसांचे काम डोळ्यांसमोर असून दिसत नाही. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील, ऊन-पावसापासून दूर राहिलेल्या जागेची माती व नवसागर एकत्र करून वस्तूला गरम लेप दिला जातो. जस्त काळे पडते, चांदी तशीच राहते. म्हणजे काळा रंग वरून फासलेला नसतो. तो त्या धातूतूनच उमटवलेला असतो. दोन धातू एकाच रसायनाला वेगवेगळे उत्तर देतात, या एका निरीक्षणावर ही कला उभी आहे. रसायनशास्त्राच्या आपल्या सहकाऱ्यांनी हा धडा फळ्यावर घ्यावयास हरकत नसावी. आमच्या भाषा विभागात तो उगीच अडकून पडला आहे.

हीच दृष्टी दगडातही आढळते. किल्ल्यातील रंगीन महालात अली बरीदच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात, काळ्या दगडात शिंपल्याचे तुकडे बसविले गेले. तेथेही काळी जमीन आणि तिच्यात बसलेली उजळ रेघ. महालाने धातूला शिकविले की धातूने महालाला, हा वाद बाजूला ठेवू. एका गावाने आपली पसंती दोन वेगळ्या माध्यमांत जपली, एवढे मात्र स्पष्ट आहे.

बिदरीला २००६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२३ साली बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. तरीही टीकाकाराचे काम आनंदापाशी थांबत नाही. निर्देशांक नावाचे रक्षण करतो, विचाराचे करीत नाही. आज निरोप-समारंभात दिली जाणारी सपाट बिदरी तबकडी, जिच्यावर एखादे स्मारक व खाली संस्थेचे नाव असते, ती प्रस्तुत लेखकाच्या मते रचना म्हणून कमकुवत आहे. ओतकामाचे सामर्थ्य पोकळ, गोलाईच्या आकारात आहे. तबकडीत ते वाया जाते. तिचे काम काय, तर भिंतीवर टांगून राहणे. याउलट शेरवानीची बिदरी बटणे आणि कफलिंक पाहा. लहान आकार, चांदी थोडी, कापडाच्या रंगावर उठून दिसणारा काळा गोल, आणि रोजचा उपयोग. कारागीर तबकडी का करतो हे उघड आहे, मागणी तिलाच आहे. आणि मागणी आपल्यासारख्या संस्था करतात. हा दोष त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

बटणांवरून वस्त्रांकडे वळू. येथे उर्दूतील आणखी एक शब्द मदतीला येतो, ‘तरह’. मराठीत तो ‘तऱ्हा’ होऊन थोडा थट्टेचा झाला. फारसीत त्याचा अर्थ आराखडा, रचना असाही आहे. तरही मुशायऱ्यात शायरांना एक मिसरा दिला जातो आणि त्याच्या वृत्त-यमकाच्या बंधनात राहून गझल रचावी लागते. मशरू हे कापड अशाच बंधनातून जन्मले. पुरुषांच्या अंगाला शुद्ध रेशीम लागू नये, हा धार्मिक संकेत. आणि रेशमाची हौस तर आहेच. विणकराने ताणा रेशमाचा व बाणा सुताचा घेऊन अशी वीण काढली की, वरच्या बाजूस रेशीम झळकते आणि त्वचेला सूत लागते. ‘मशरू’ या शब्दाचा अर्थच ‘अनुज्ञात’ असा आहे. उष्ण हवेत सुती अस्तराचा फायदा मिळाला तो वेगळाच. औरंगाबादचे हिमरू याच कुळातले, सूत-रेशमाचे. १९५६ पर्यंत औरंगाबाद, बिदर व गुलबर्गा एकाच हैदराबाद संस्थानाचे, पुढे राज्याचे जिल्हे होते, हे येथे आठवावे.

त्याच संस्थानातील हैदराबादी खडा दुपट्टा सहा वारांचा आणि आपल्या भालकी-औरादच्या खेड्यांतील म्हाताऱ्या नेसतात ते लुगडे नऊ वारांचे. दोन्ही न शिवलेली. कासोटा घातला की तेच लुगडे शेतात वाकायला, ओझे उचलायला मोकळीक देते आणि कात्री-सुईची गरज पडत नाही. कपड्याच्या फॅशनवर बोलताना आपण पुस्तकातील परदेशी उदाहरणे देतो. हे उदाहरण महाविद्यालयाच्या फाटकासमोर भाजी विकत बसलेले असते.

वास्तूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून दोनच इमारती घेतो. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशीद, शिलालेखानुसार १३६७ ची, तिला मोकळे सहनच नाही. सगळी जागा छताखाली. मग उजेड कोठून येणार? उत्तर बाजूंच्या ओवऱ्यांत आहे : खांब बुटके आणि कमानी अतिशय रुंद, त्यामुळे उघड्या बाजूंनी प्रकाश खोल आत जातो; मुख्य घुमट उंच चौरस भागावर उचललेला असल्याने वरूनही उजेड उतरतो. ही योजना दख्खनमध्ये पुढे फारशी कोणी गिरवली नाही. चांगली कल्पना एकटी राहू शकते, हे मान्य करण्याचे धैर्य इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसते.

दुसरी इमारत बिदरची, ख्वाजा महमूद गवान यांनी १४७२ च्या सुमारास बांधलेला मदरसा. तिचा एकच मनोरा आज उभा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात पुढचा मोठा भाग कोसळला. पर्यटक उरलेल्या रंगीत फरशांची छायाचित्रे काढतात. अध्यापकाने आत जाऊन पाहावे. विद्यार्थ्यांच्या खोल्या तीन मजल्यांत विभागलेल्या, पण व्याख्यानाची दालने इमारतीच्या पूर्ण उंचीची. बाजूंच्या मध्यभागी बाहेर आलेले अर्ध-अष्टकोनी भाग, ज्यांच्या खिडक्यांतून वेगवेगळ्या दिशांचा उजेड येतो. शिकण्यासाठी हवा आणि प्रकाश लागतो, ही गोष्ट बांधणाऱ्याने आधी ठरविली, फरशा नंतर लावल्या. प्रस्तुत लेखक ज्या खोलीत अनेक वर्षे शिकवितो तेथे भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते आणि वीज गेली की वर्ग व्हरांड्यात न्यावा लागतो. भिंतीवर मात्र कमानीची रंगीत नक्षी आहे.

गेल्या वर्षी बी.ए.च्या वर्गाला एक काम दिले होते. घरातील कोणतीही एक वस्तू आणावी, तिचे कौतुक करू नये. तिने कोणती अडचण सोडविली एवढेच लिहावे. पहिल्या खेपेस बहुतेकांनी कौतुकच लिहिले. ‘सुंदर’ हा शब्द मला पंचवीस-तीस ठिकाणी खोडावा लागला. दुसऱ्या खेपेस कोणी पाटा-वरवंटा, कोणी कप्पे असलेले पानदान, कोणी आजीचा बटवा आणला. बिदरी कारागिराच्या एका मुलीने वडिलांनी दुरुस्तीसाठी घेतलेल्या घंटेच्या आकाराच्या हुक्क्याचे चित्र काढून आणले होते. तिला विचारले, तळ एवढा रुंद का केला असेल? ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, “सर, आधीच्याला कोणाचा तरी पाय लागून सगळं पाणी गालिच्यावर सांडलं असेल.”